‘मॅडम, पण क्ष किती?’

सातवीला बैजिक राशींचे, म्हणजे अक्षरे आणि संख्या मिळून लिहिलेल्या राशींचे, प्रकरण सुरू करण्याच्या दिवशी मी फळ्यावर ‘क्ष + ५’ एवढेच लिहिते आणि खडू खाली ठेवते. पुढे बरोबरचे चिन्ह नसते, ‘किंमत काढा’ अशी सूचना नसते आणि मीही काही बोलत नाही. पहिली एक-दोन मिनिटे मुले वहीत तारीख घालण्यात आणि समास आखण्यात घालवतात. मग हळूहळू माना वर होऊ लागतात. यंदा खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारले, “मॅडम, पण क्ष किती?” मला ठाऊक नाही, असे मी सांगितले. “मग उत्तर कसं काढायचं?” उत्तर काढायचेच नाही, समोर आहे तेच उत्तर आहे, असे मी म्हटल्यावर तिने शेजारणीकडे पाहिले. मॅडमची आज तब्येत बरी नसावी, असा त्या नजरेचा अर्थ होता.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो येण्याचा दोष मुलांकडे जात नाही. मी जो अभ्यासक्रम शिकवत आले, त्यात पाचवीत बीजगणिताची पूर्वतयारी, सहावीत समीकरणे आणि सातवीत बैजिक राशी असा क्रम आहे. त्यामुळे अक्षराशी मुलांची पहिली खरी ओळख समीकरणातच होते. क्ष + ५ = १२ असेल, तर क्ष लपून बसलेला आहे, त्याला शोधायचे आहे आणि तो ७ आहे हे कळले की खेळ संपला. वर्षभर हा चोर-पोलिसाचा खेळ खेळून आलेल्या मुलापुढे नुसते ‘क्ष + ५’ ठेवले, तर ते चोर शोधायलाच निघणार. इथे कोणी लपलेलेच नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. राशी आधी आणि समीकरण नंतर असा क्रम मला अधिक सरळ वाटतो, कारण समीकरण म्हणजे अखेर दोन राशी समान आहेत असे विधान. पण राशी आधी शिकवायच्या तर मुलांना ‘हे कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळत नाही, आणि समीकरणात ते मिळते, हेही मला मान्य आहे.

अडचण अशी की एकच अक्षर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे काम करते आणि आपण शिक्षक हा बदल मुलांना न सांगता करत राहतो. क्ष + ५ = १२ मध्ये क्ष ही ठरलेली, पण आपल्याला अजून न कळलेली संख्या असते. क + ख = ख + क असे लिहिले की क आणि ख या कोणत्याही संख्या असतात; तिथे काही शोधायचे नसते, नियम सांगायचा असतो. आणि मजुरी, भाडे किंवा उंची यांच्या हिशेबात अक्षर खरोखर बदलत राहणारी संख्या दाखवते. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘चल’ हा शब्द या तिसऱ्या कामाला नेमका बसतो. तो उच्चारला की वर्गात हमखास कोणीतरी ‘चल, घरी चल’ असे पुटपुटते आणि हशा होतो. मी तो हशा थांबवत नाही. जे चालते, एका जागी राहत नाही ते चल, आणि राहते ते अचल. चल आणि अचल मालमत्ता हे शब्द बहुतेकांनी घरी ऐकलेले असतात.

मी शिकवते ते जळगाव जिल्ह्यात. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी चालू असते आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया, आज्या वेचायला जातात. म्हणून मी हिशेबही तिथलाच घेते. समजा, वेचणीचा दर किलोला १० रुपये आहे आणि शेतावर नेण्या-आणण्याच्या रिक्षाचे ३० रुपये दिवसाच्या मजुरीतून कापले जातात. ४० किलो वेचले तर हातात किती येतील? ३७०. ५५ किलो वेचले तर? ५२०. ६२ किलो? ५९०. हे मुले तोंडी करतात. मग मी विचारते की आज किती किलो वेचले जाईल हे माहीत नसताना एखाद्या नव्या बाईला हिशेबाची रीत कशी समजावून सांगाल. यावर जे वाक्य येते ते दरवर्षी थोड्याफार फरकाने सारखेच असते: “जितके किलो, तितके दहा-दहा रुपये, आणि त्यातून तीस वजा.” हे वाक्य मी फळ्याच्या वरच्या बाजूला लिहून चौकट करते आणि प्रकरण संपेपर्यंत पुसू देत नाही. अक्षर अजून आलेले नाही, तरी बीजगणित झालेले आहे, कारण बदलणारे काय आणि तसेच राहणारे काय हे वर्गाने वेगळे केले आहे. ‘जितके किलो’ हे शब्द प्रत्येक वेळी लिहिण्याचा कंटाळा आला की मुले स्वतःच काहीतरी खूण मागतात. तेव्हा मी क्ष देते आणि ‘१०क्ष − ३०’ असे लिहिते. या वेळी ‘क्ष किती?’ असे कोणी विचारत नाही. ते त्या दिवसावर अवलंबून आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

याच वेळी मी मुद्दाम विचारते की दोनच किलो वेचले तर काय होईल. दहा दुणे वीस, वजा तीस. “घरून दहा रुपये द्यावे लागतील,” असे कोणीतरी म्हणते. क्षच्या जागी कोणतीही संख्या घालता येते हे कागदावर खरे असले, तरी ज्या हिशेबासाठी ती राशी जन्माला आली तो हिशेब काही संख्या नाकारतो, हे इथेच दिसते. त्याचा उपयोग मला अगदी शेवटी होतो.

‘जितके-तितके’ या शब्दांचा माझा आग्रह नुसत्या सोयीपुरता नाही. आपल्याकडच्या जुन्या बीजगणितात पहिल्या अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेल्या, राशीचे नावच ‘यावत्तावत्’ असे आहे, आणि यावत्तावत् म्हणजे शब्दशः ‘जितके तितके’. आणखी अव्यक्त राशी लागल्या तर कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे घेत. संस्कृतात आणि मराठीतही ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षर, हे मुलांना सांगितले की वर्णमाला या शब्दाकडे ती नव्याने पाहतात. लिहिताना या नावांची पहिली अक्षरे घेत: या, का, नी, पी. माहीत असलेल्या सुट्या संख्येला ‘रूप’ म्हणत आणि ‘रू’ असे लिहीत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये वर्णांनी अव्यक्त राशी दाखवल्या होत्या. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ही रीत ज्या ग्रंथात व्यवस्थित मांडली, त्याचे नावच ‘बीजगणित’. आमच्या मुलांना भास्कराचार्य परके नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचे सांगणारा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे, आणि पाटणादेवीला सहलीला गेलेले मूल वर्गात दर वर्षी निघतेच. तिथे काय पाहिले असे विचारले, तर उत्तर मात्र धबधबा आणि माकडे असे येते.

तर आपण आज ‘३क्ष + ५’ असे जे लिहितो ते त्या रीतीने ‘या ३ रू ५’ असे होते. मी हे फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते की यात काय कमी आहे. अधिकचे चिन्ह कमी आहे. दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्या मिळवलेल्याच धरायच्या. ही रीत आज वापरायची नाही. पण एका अडचणीवर तिच्यासारखे औषध मला दुसरे मिळालेले नाही.

ती अडचण म्हणजे ३क्ष + ५ = ८क्ष. प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षी, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या वहीतही हे सापडते. आपण त्यावर लाल फुली मारतो आणि ‘विजातीय पदांची बेरीज होत नाही’, म्हणजे अक्षराचे पद आणि नुसत्या संख्येचे पद एकत्र करता येत नाही, असे लिहितो. मूल तो नियम पाठ करते आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच करते. माझ्या समजुतीप्रमाणे त्याला नियम कळत नाही असे नसून, त्याला अधिकचे चिन्ह असलेले उत्तर पाहवत नाही. पहिलीपासून अधिकचे चिन्ह म्हणजे ‘मिळव’ ही आज्ञा आणि बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ ही आज्ञा, असे त्याने हजारो उदाहरणांत पाहिलेले असते. ८ + ४ = ☐ + ५ या चौकटीत काय येईल असे सातवीच्या वर्गात विचारून पाहावे; ७ हे उत्तर येण्याआधी १२ येते, आणि कोणी कोणी पुढचे ५ मिळवून १७ सुद्धा सांगतो. अशा सवयीच्या मुलाला ‘३क्ष + ५’ हे पूर्ण उत्तर आहे असे सांगणे म्हणजे अर्ध्या जेवणावरून उठायला सांगण्यासारखे आहे. ते काहीही करून ताट संपवणार, आणि संपवायला हाताशी फक्त ३ आणि ५ आहेत. ‘या ३ रू ५’ मध्ये मात्र आज्ञा देणारे चिन्हच नसल्यामुळे ते मिळवण्याचा मोह कोणाला होत नाही. ती एक वस्तू दिसते. दोन दिवस असे लिहून झाले की मी मध्ये अधिकचे चिन्ह घालते आणि विचारते, “आता ही वस्तू बदलली का?”

‘राशी’ हा शब्दही इथे मदतीला येतो. मुले आधी मेष-वृषभ म्हणतात, तेवढे म्हणू द्यावे. मग खळ्यावरची ज्वारीची रास आठवायला सांगावी. रास किती पायल्यांची आहे हे मापल्याशिवाय कळत नाही, पण मापण्याआधीही ती रासच असते. तिचे दोन सारखे वाटे करता येतात, तिच्यात पाच पायल्या ओतता येतात, अशा तीन राशी एकमेकींशेजारी लावता येतात. ज्याचे माप अजून कळलेले नाही, तरी ज्याच्यावर क्रिया करता येतात, असे काहीतरी हाताळण्याची सवय शेतकऱ्याच्या घरात आहेच. बैजिक राशीत तेवढेच करायचे असते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते, जी मी नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मोठ्या हौसेने केली. विजातीय पदे का मिळवता येत नाहीत, हे सांगण्यासाठी मी म्हणत असे, “क म्हणजे केळी आणि प म्हणजे पेरू. तीन केळी आणि दोन पेरू यांची बेरीज पाच केळी होईल का?” वर्ग हसत असे, सगळ्यांना कळल्यासारखे वाटत असे आणि त्या दिवशीच्या गृहपाठात चुकाही कमी येत. पण याच मुलांना मी पुढे कप, म्हणजे क गुणिले प, शिकवायला गेले तेव्हा एकाने विचारले, “केळी गुणिले पेरू म्हणजे काय, मॅडम?” माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझी शिकवण चुकीची होती. क म्हणजे केळी कधीच नसते. क म्हणजे केळ्यांची संख्या, किंवा एका केळ्याची किंमत, किंवा त्यांचे किलोमधले वजन; काहीही असले तरी ती संख्या असते. फळांच्या टोपलीने मी मुलांना एका गृहपाठापुरते वाचवले आणि अक्षर म्हणजे वस्तूच्या नावाचा संक्षेप, ही समजूत त्यांच्या मनात पक्की करून दिली.

ही समजूत किती खोल जाते हे डझनाच्या उदाहरणात दिसते. एका डझनात १२ केळी असतात; डझनांची संख्या ड आणि केळ्यांची संख्या क मानून दोघांमधला संबंध लिहा, असे सांगितले की निम्म्याहून अधिक वर्ग ‘१२क = ड’ असे लिहितो. वाक्यात ‘बारा केळी म्हणजे एक डझन’ असे ऐकू येते, आणि मुले तेच क्रमाने उतरवतात. पण ड जर ३ असेल तर क ३६ असायला हवा, म्हणजे क = १२ड. संख्या घालून पाहायला लावले की मुलांना चूक दिसते, तरी पुढच्या उदाहरणात ती पुन्हा होते. याला आपलीच आणखी एक शिकवण कारणीभूत आहे. तिसरी-चौथीपासून मुले ‘१ मी = १०० सेंमी’ असे लिहीत आलेली असतात, आणि तिथे संख्येनंतर आलेले अक्षर खरोखरच एककाचा संक्षेप असते, संख्या नसते. त्याच डोळ्यांनी ती १२क वाचतात. म्हणूनच वेचणीच्या हिशेबात मी किलोचा क टाळून क्ष घेते. नंतर सवय झाल्यावर क घेतला तरी चालते, पण पहिल्या आठवड्यात नाही.

शेजारी-शेजारी लिहिण्याचा घोळ इथेच संपत नाही. क्ष = ३ असताना २क्षची किंमत काढा असे सांगितल्यावर २३ असे उत्तर लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि मला त्यांच्यावर रागावणे जमत नाही. त्यांच्या आतापर्यंतच्या जगात २ च्या शेजारी ३ ठेवला की तेवीस होतात, म्हणजे वीस अधिक तीन. २ च्या शेजारी पाव ठेवला की सव्वादोन होतात, म्हणजे दोन अधिक पाव. भास्कराचार्यांच्या रीतीतही शेजार म्हणजे बेरीजच. आणि अचानक सातवीत शेजार म्हणजे गुणाकार होतो. हा नियम कोणीतरी ठरवलेला संकेत आहे, तो तर्काने सापडत नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. म्हणून पहिले काही दिवस मी गुणाकाराचे चिन्ह लिहायला लावते: २ × क्ष. चिन्ह गाळण्याची परवानगी नंतर मिळते, आणि तीही ‘लिहिण्याचा आळस’ अशा नावाने, म्हणजे ते चिन्ह तिथे आहे, फक्त दिसत नाही, हे लक्षात राहते.

देवनागरी अक्षरे घेऊन बीजगणित करण्याची एक वेगळी गंमत या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. म गुणिले न लिहिले की ‘मन’ होते, व गुणिले न चे ‘वन’ होते, आणि कोणीतरी ‘घ’ आणि ‘न’ घेतले की घनफळाचा गोंधळ उडतो. रोमन अक्षरे आल्यावर ही अडचण गेली, पण त्याबरोबर मुलांच्या दृष्टीने ती अक्षरे अधिक परकी आणि अधिक गूढ झाली. माहीत असलेल्या राशींनाही अक्षरे द्यावीत हे फ्रान्समध्ये व्हिएत या गणितज्ञाने १५९१ मध्ये मांडले, आणि x, y, z ही रोमन वर्णमालेतली शेवटची अक्षरे अज्ञातांसाठी घेण्याची तिथल्याच देकार्तची रीत १६३७ पासून रुळली. १८९५ मध्ये राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या नव्या किरणांचे स्वरूप कळेना म्हणून त्यांना त्यातल्याच x या अक्षराचे नाव दिले, आणि आपण त्यांना क्ष-किरण म्हणू लागलो. दवाखान्यात हाडाचा फोटो काढताना आपण एक चल राशी उच्चारतो, हे मुलांना फार आवडते. अर्थात यामुळे गणित येते असे नाही.

अक्षर बदलू शकते हे एकदा पटले, तरी बदलल्यावर काय होते ते पाहण्याची सवय वेगळी लावावी लागते. त्यासाठी मी एक जुना प्रश्न विचारते: २न आणि न + २ यांत मोठे कोण? इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात डीटमार कुखमन यांनी मुलांना अक्षरांचा अर्थ काय वाटतो याचा मोठा अभ्यास केला होता, त्यात हा प्रश्न होता. आमच्या वर्गात बहुतेकांचे उत्तर ‘२न’ असे येते, कारण गुणाकाराने संख्या अधिक वाढते असे त्यांना वाटते. मी कोणाचेच उत्तर चूक म्हणत नाही, फक्त प्रत्येकाला आपल्या आवडीची न घेऊन किमती काढायला सांगते. ज्याने ५ घेतला तो जिंकतो, ज्याने १ घेतला तो हरतो, आणि ज्याने २ घेतला तो दोन्ही उत्तरे ४ पाहून स्वतःची आकडेमोड पुन्हा तपासतो. पाच-सात मिनिटे खरा गोंगाट होतो. ‘न किती यावर आहे’ हे वाक्य त्या गोंगाटातून वर येते, आणि ज्या मुलीने पहिल्या दिवशी ‘क्ष किती?’ असे विचारले होते तीच ते म्हणाली, म्हणून मी ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवले आहे.

या प्रकरणाला मला साधारण तीन आठवडे मिळतात, आणि त्यांतला जवळजवळ एक आठवडा मी एकाच उदाहरणावर घालवते. ते उदाहरण ठिपक्यांच्या रांगोळीचे आहे. सहा ओळींत सहा-सहा ठिपके काढले आहेत. या चौरसाच्या कडेकडेने जाणाऱ्या ओळीत किती ठिपके येतील? मोजून सांगता येते, पण मोजायचे नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘२०’ असे उत्तर लिहायचे नाही. विचार कसा केला तेवढेच आकड्यांत लिहायचे. ही अट मुलांना जाचक वाटते, कारण शाळेत उत्तराला गुण असतात. पण २० हा आकडा लिहिला की तो कोणत्या वाटेने आला ते पुसले जाते, आणि मला ती वाटच हवी असते.

पहिला हात वर करणारा ‘६ × ४’ म्हणतो आणि लगेच कोणीतरी त्याला कोपऱ्यातले ठिपके दोनदा मोजल्याचे दाखवून देतो. म्हणून ६ × ४ − ४. दुसरी मुलगी म्हणते की वरची ओळ सहाची, खालची ओळ सहाची, आणि मधल्या बाजूंना चार-चार उरतात: २ × ६ + २ × ४. तिसऱ्याने सांगितलेली रीत मला सर्वांत आवडते. प्रत्येक बाजूने आपला शेवटचा ठिपका पुढच्या बाजूला खो दिल्यासारखा देऊन टाकायचा, म्हणजे प्रत्येकीकडे पाचच राहतात: ४ × ५. एक जण फळ्यापाशी येऊन बोट फिरवत ६, मग ५, मग ५, मग ४ असे घेतो. आणि कोणीतरी हळूच म्हणते की सगळे छत्तीस आणि आतले सोळा, मग वजाबाकीच करू की. पाच रीती, पाच वाटा, आणि रांगोळी एकच.

मग बाजूला दहा ठिपके, मग शंभर. शंभरचे कोणी काढून मोजत नाही, त्यामुळे आता वाट पाठ असावीच लागते: १०० × ४ − ४, किंवा २ × १०० + २ × ९८, किंवा ४ × ९९. तिन्ही ३९६. दुसऱ्या रीतीतला ९८ कुठून आला, पहिल्या वेळी तिथे ४ होता, असे विचारले की ‘दोनाने कमी’ हे उत्तर येते, आणि इथे अक्षर स्वतःच दार वाजवते. बाजूचे ठिपके जितके असतील तितके न मानले, तर पहिली रीत ४न − ४, दुसरी २न + २(न − २), तिसरी ४(न − १), चौथी न + (न − १) + (न − १) + (न − २), आणि पाचवी म्हणजे नच्या वर्गातून न − २ चा वर्ग वजा.

आता खरा प्रश्न विचारता येतो: या पाच राशी वेगळ्या आहेत की एकच? दिसायला वेगळ्या आहेत हे उघड आहे. ६, १० आणि १०० या संख्यांसाठी त्या जुळल्या, पण तीनदा जुळले म्हणून नेहमी जुळतील याची खात्री कोणी द्यावी? रांगोळी एकच आहे म्हणून जुळायलाच हव्यात, असे एक गट म्हणतो, आणि तो युक्तिवाद चांगला आहे. रांगोळीकडे न पाहता नुसत्या अक्षरांवरून दाखवता येईल का, असे मी विचारते, आणि मग कंस सोडवणे व सजातीय पदे एकत्र करणे या गोष्टी, ज्यांचा एरवी मुलांना तिटकारा असतो, एका गरजेपोटी वर्गात येतात. २न + २(न − २) म्हणजे २न + २न − ४, म्हणजे ४न − ४. चौथ्या राशीतले चार न एकत्र आले आणि १, १ आणि २ मिळून ४ वजा झाले की तीही तिथेच पोहोचते. पाचवी राशी सातवीला जरा जड जाते; ती मी आठवीसाठी राखून ठेवते.

याच तासाला एका मुलाने ४न − ४ = न असे लिहिले. चारातून चार गेले, न राहिला. पूर्वी मी इथे नियम सांगितला असता. या वेळी मी काहीच बोलले नाही, कारण त्याच्या शेजाऱ्याने त्याची वही ओढून घेतली आणि म्हणाला, “अरे, मग एका बाजूला सहा अन् चारी बाजू मिळून पण सहाच का?” वहीतली ओळ खोडली गेली, ती लाल शाईने नाही.

तास संपायला चार-पाच मिनिटे असताना मागच्या बाकावरून एक शंका आली. बाजूला एकच ठिपका असला तर? मी म्हटले, घालून पाहा. चार एके चार, वजा चार, शून्य. दुसऱ्या रीतीने दोन अधिक दोन गुणिले ऋण एक, शून्य. तिसरीनेही शून्य. पण फळ्यावर एक ठिपका काढला तर तो समोर दिसतो आहे. तोच कड, तोच कोपरा, तोच मध्य. मग पाचही सूत्रे चुकली की काय, यावर वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणे एका ठिपक्याला कड नसतेच, त्यामुळे शून्य बरोबर आहे. दुसरा म्हणे ठिपका आहे तर तो मोजला पाहिजे. कोणाला तरी दोन किलो कापसाची आणि घरून द्यायच्या दहा रुपयांची आठवण झाली. तेवढ्यात घंटा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेले तेव्हा फळ्यावर आदल्या दिवशीच्या ४न − ४ च्या पुढे कोणीतरी आधीच लिहून ठेवले होते: ‘न २ किंवा त्याहून मोठा.’ आणि त्याच्याखाली, वेगळ्या अक्षरात: ‘एक ठिपका मॅडमनी ठरवावा.’